कडी न लावलेलं दार

"दार उघडंच होतं हो..." शेजारच्या काकू फोनवर हेच पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी तेव्हा मुलाकडे पुण्याला होतो. सकाळी चहाला हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून काकू आत गेल्या. ताई खुर्चीत बसलेली, चष्मा डोळ्यांवर, शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, मांडीवर. माझी थोरली बहीण मार्था अशी गेली. दार उघडं होतं हे ऐकून मी हळहळेन, असं काकूंना वाटलं असावं. मला मात्र रडता रडता बरं वाटलं, कारण एके काळी ही बाई कुणालाही दार उघडायची नाही.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हा आम्ही गंगापूरकडच्या आमच्या गावात होतो. एका दुपारी आमची वस्ती जाळली. आम्ही ख्रिस्ती असलो तरी गावाच्या लेखी वस्तीतलेच. मला कडेवर घेऊन आई गावात दारं ठोठावत फिरली, ताई तिच्या पदराला धरून. मला फक्त धूर आठवतो. ताईला मात्र आतून लागणाऱ्या कड्यांचे आवाज आठवायचे, आणि ते तिनं पुढं कितीतरी वर्षं ऐकले.

मग आम्ही शहरात आलो, छावणीजवळ खोली घेतली. आई गेल्यावर ताई शिवणकाम करायची, मी वाळूजला कारखान्यात लागलो. दुपारी पहिल्या पाळीच्या बसनं घरी आलो की आमचं ठरलेलं नाटक व्हायचं. "कोण?" "मी." "मी कोण?" "सुधाकर, तुझा भाऊ. आता आईचं नाव सांगू का?" "सांग की." आणि खरंच सांगितल्याशिवाय कडी निघायची नाही. भुकेल्या माणसाचा काय छळ!

आमच्या चर्चच्या मंडळीत एक म्हातारे पाळकसाहेब होते. बायबलातल्या सगळ्यांत लांब स्तोत्रात प्रत्येक भागावर इब्री, म्हणजे हिब्रू, अक्षराचं नाव असतं, त्या अक्षरांचे अर्थ ते ताईला सांगायचे. आलेफ म्हणजे बैल, बेथ म्हणजे घर, गिमेल म्हणजे उंट. "ही काय जत्रा भरलीय का?" मी चिडवायचो. पण चौथ्या अक्षराशी ताई अडली. दालेथ, म्हणजे दार. ती म्हणाली, "साहेब, कुणी ठोठावलं की मला आईचा हात दिसतो." साहेबांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "प्रभूसुद्धा बाहेरच उभा राहून ठोठावतो, बेटा. तुमच्यासाठी कुणी उघडलं नाही... आता तू उघडणारी हो."

त्या नाताळात तिनं उंबऱ्याशी रांगोळीनं दालेथ काढलं. वर आडवी रेघ आणि उजवीकडून खाली उतरणारी उभी रेघ, बस. काकूंना वाटलं, पोरीची रांगोळी अर्धवट राहिली. त्यांनी मायेनं चौकोन पुरा केला, आत कमळही भरलं. ताई पोट धरून हसली. "काकू, तुमी तर दारच बंद केलं की वो!" मी म्हटलं, "तू तरी काय करतेस? उंबऱ्यावर दार काढतेस आणि खऱ्या दाराला कडी!" ती कडीकडे बघतच आत गेली.

नामांतराचा निर्णय झाला तेव्हा शहरात पुन्हा तणाव होता. त्या दिवशी आमची बस वाटेत अडकली. संध्याकाळी धावतपळत घरी आलो, तर दार सताड उघडं. चपला न काढताच मी घरात शिरलो. आत एक अनोळखी बाई तान्ह्या लेकराला पाजत बसली होती आणि ताई स्टोव्हवर चहा करत होती. पलीकडच्या वस्तीत आरडाओरड झाली म्हणून ती बाई पळत आली होती.

"कोण ते विचारलं नाहीस?" मी हळूच म्हटलं.

"नाय. ठोठावत व्हती ना."

"भीती नाही वाटली?"

"लई वाटली. हात बघ, अजून थरथरतोय. प्रभूला म्हणलं, भीती ऱ्हाऊ दे, पण कडी सुटू दे."

त्यानंतर दिवसा तिच्या दाराला कडी लागली नाही. तिच्या आठवणीनं आता जीव कासावीस होतो, तेव्हा मला तो थरथरता हातच दिसतो.

हल्ली रविवारी उपासना झाली की मी तिच्या खोलीवर जातो. काकू उंबऱ्याशी दालेथ काढून ठेवतात, चौकोन पुरा न करता. कुलूप काढण्याआधी मी उगाच थांबतो. आतून कुणी "कोण?" म्हणत नाही. तरी मी सांगतो... सुधाकर, तुझा भाऊ. आईचंही नाव सांगतो. मग आत जातो, दार लोटतो. सवयीनं हात कडीकडे जातो, आणि तसाच खाली येतो.