बटणाची जागा

मास्तरांच्या दुकानात माणसाएवढा आरसा होता, पण मास्तर त्यात कधी बघत नसत. आरशात गिऱ्हाईक बघायचं आणि मास्तर गिऱ्हाइकाच्या पाठीकडे बघायचे, कुठे चुणी पडते का म्हणून. त्यामुळे स्वतःचं पोट शिलाई मशीनच्या फळीला कधी टेकायला लागलं, ते त्यांना कळलंच नाही. कळलं ते बायकोला. ती दुकानातच मागच्या स्टुलावर बसून काज-बटण करायची. मास्तरांची बायको म्हणून सगळी गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची. एकदा दोरा दातांनी तोडत ती म्हणाली, "अहो, मशीन जरा पुढं सरकवा. एखाद दिवशी कापडाबरोबर पोटालाही टीप बसेल."

"तू आधी तुझ्या गुडघ्यांचं बघ. जिना चढतेस तेव्हा असे वाजतात की शेजारचा वाणी दार उघडून बघतो, कोण आलं म्हणून."

तब्येतीची चौकशी दोघं रोज अशी करायचे. मूलबाळ नव्हतं; टोमणे मारायचे तर एकमेकांनाच मारावे लागत. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि मधे तो अंधारा जिना, एवढाच त्यांचा संसार होता. मास्तर चहात साखर घालत नसत, साखरेत चहा घालत. मास्तरीणबाईंना तळणाचा वास आला की दोन जिने पलीकडून भूक लागायची.

मग एका सकाळी कापड बेतताना मास्तरांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कात्री भलतीकडेच गेली. गिऱ्हाइकाच्या पँटचं वाटोळं झालं. मास्तरांना जास्त वाईट पँटचं वाटलं, पण बाईंनी त्यांना दंडाला धरून दवाखान्यात नेलं. मास्तरांची साखर वाढलेली निघाली. आलाच आहात तर तुमचंही बघू, असं म्हणून डॉक्टरांनी बाईंचा रक्तदाब बघितला, तोही चढलेला. एका फीमध्ये डॉक्टर दोघांनाही रागावले. वजन उतरवा, चाला, गोड आणि तळलेलं सोडा. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "निम्म्या पैशात झालं."

थंडी तोंडावर आली होती. लग्नाच्या वेळी मास्तरांनी एकाच ताग्यातून दोन निळे कोट शिवले होते, एक स्वतःचा, एक बायकोचा. उभ्या आयुष्यात एवढं चांगलं कापड त्यांनी नेहमी दुसऱ्यांसाठीच बेतलं, स्वतःसाठी ते एकदाच. बाईंनी ट्रंकेतून कोट काढले. अंगात घातले तर बटण एका गावाला आणि काज दुसऱ्या गावाला.

"नवे शिवू," मास्तर म्हणाले.

"कशाला? कापडाला काय धाड भरलीय? बिघडलोय ते आपण. कोट आहेत तसे राहू देत, आपणच मापात येऊ."

मास्तरांना हा हिशोब पटला. आयुष्यभर त्यांनी माणसाप्रमाणे कोट केला होता, आता कोटाप्रमाणे माणूस करायचा. पैज लागली. ज्याचं बटण आधी लागेल त्याचे पाय दुसऱ्यानं चेपायचे.

त्या दिवसापासून घराची जी काही उसवण सुरू झाली ती बघण्यासारखी होती. तेलाच्या बाटलीचं झाकण मास्तरांनी जाड सुईनं टोचलं, त्यामुळे तेल आता थेंबानं यायचं आणि रुसल्यासारखं यायचं. साखरेचा डबा बाईंनी कपाटाच्या टपावर नेऊन ठेवला. तो काढायला स्टूल लागायचं, आणि स्टूल चढताना करकरायचं, म्हणजे चोरी पकडली जाणारच. दुकानातल्या चिंध्या जोडून खिडकीला पडदा झाला. त्यात शाळेच्या गणवेशांपासून वकिलाच्या काळ्या कोटापर्यंत सगळी गल्ली शेजारी शेजारी नांदत होती. रिकाम्या डब्यांतून पालेभाजी उगवली. टीव्ही बंद पडला तो मुद्दामच दुरुस्त केला नाही. त्या वेळात दोघं इमारतीभोवती फेऱ्या मारू लागले. बाई पुढे, मास्तर मागे, आणि वरच्या मजल्यावरून सतरंजी झटकणाऱ्या आजींची धूळ दोघांच्या डोक्यावर.

"आजी, खाली माणसं आहेत," मास्तर ओरडायचे.

"असू देत की," आजी म्हणायच्या. त्यांना ऐकू कमी यायचं आणि झटकायला फार आवडायचं.

मास्तरांचं पोट काही हलेना. शेवटी त्यांनी शिंप्याचा मार्ग धरला. बाई बाजारात गेलेल्या बघून कोटाचं बटण काढलं आणि दोन बोटं बाहेर सरकवून लावलं. बाई आल्या तेव्हा मास्तर कोट घालून, बटण लावून, छाती काढून दारात उभे.

बाई जवळ आल्या. बटणावरून अंगठा फिरवला. "हे कुणी लावलं?"

"लागलं. माझं मीच."

"तसं नाही. शिवलं कुणी? माझ्या बटणावर दोऱ्याची फुली असते. या दोन रेघा कुणाच्या?"

मास्तर स्टुलावर बसले. बाईंनी तिथल्या तिथे बटण उसवलं, जुन्या जागी लावलं, फुली मारली, दोरा तोडला. "पोट सरकवा, बटण नको," एवढंच म्हणाल्या आणि मग जिन्यापर्यंत हसत गेल्या.

पैज त्यांनीच जिंकली. थंडी पुरती पडायच्या आत त्यांचं बटण लागलं. मास्तरांनी कबूल केल्याप्रमाणे पाय चेपले, तेही खुशीत. नंतर कोट सैल व्हायला लागला. मास्तरांनी टेप घेऊन माप घेतलं, खडूनं खूण केली, दोन्ही बाजूंनी आत घेतला. जादा कापड कापलं नाही, शिवणीतच मुडपून ठेवलं. शिंपी त्याला माया म्हणतात, आणि मास्तर त्या बाबतीत सढळ होते. थोड्या दिवसांनी कोट पुन्हा सैल झाला. पुन्हा टेप, पुन्हा खडू. गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तरीणबाई, मुलगी दिसायला लागलात." मास्तर उगाच कॉलर ताठ करायचे, जसा काही हा कोट नसून बायकोच त्यांनी बेतली होती.

"तुला जमतं कसं गं?" ते विचारायचे.

"काय की. भूकच मेली माझी. समोर तळलेलं ठेवलं तरी नको वाटतं. किती सोपं झालं बघा."

दोघांनाही ते सोपंच वाटलं. फेऱ्यांमध्ये आता मास्तर पुढे असायचे आणि बाई मागे. मास्तरांना वाटलं, आपला वेग वाढला.

मग बाईंची धाकटी बहीण आली. ती दुसऱ्या गावी असायची, बरेच महिने येणं झालं नव्हतं. मास्तरांनी दारातच बायकोला तिच्यासमोर उभं केलं. "ओळख बघू कोण ते."

धाकटीच्या हातातली पिशवी खाली आली. ती आत यायचीसुद्धा विसरली. "भावोजी," ती म्हणाली, "ताईच्या गळ्याचं काय झालंय? ही हाडं कधीपासून दिसतात?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. छातीचं माप त्यांना पाठ होतं, कंबरेचं पाठ होतं, बाहीचं होतं. तोंडाचं माप शिंपी घेत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, वजन किती उतरलं. मास्तर सवयीनं म्हणाले, "कंबरेत चार बोटं उतरलीयत," आणि त्या आवाजात अजून थोडा अभिमान उरला होता. डॉक्टरांनी लिहायचं थांबवून वर बघितलं. तो अभिमान मास्तरांच्या गळ्यात तिथेच अडकला. पुढे कितीतरी दिवस घास गिळताना तो त्यांना लागायचा.

आजार पोटात होता आणि पुष्कळ पुढे गेला होता. मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या, आणि जे करता येण्यासारखं होतं ते करून त्यांनी बाईंना घरी पाठवलं. त्याचा अर्थ मास्तरांना कळला. बाईंनाही कळला. कळलं नाही असं दोघांनी एकमेकांना दाखवलं.

"कोटाचं कापड कापलं नाहीत ना?" खिडकीशी पलंग लावल्यावर बाईंनी विचारलं.

"नाही. सगळं आत आहे."

"मग झालं. अंग भरलं की उसवायला कितीसा वेळ लागतो."

आता घरातली गाडी उलटी निघाली. तेलाच्या बाटलीला नवं, न टोचलेलं झाकण आलं. साखरेचा डबा टपावरून खाली आला. मास्तर लोणी आणायचे, दूध आटवायचे, गोडाचं करायचे. बाई दोन घास खायच्या, तेही त्यांच्या तोंडाकडे बघून. उरलेलं टाकवायचं नाही म्हणून मास्तर उभ्या उभ्या संपवायचे. पोट पुन्हा मशीनला टेकलं. फेऱ्या तर बंदच पडल्या होत्या.

"चालायला जा," बाई म्हणायच्या.

"तुला एकटं टाकून?"

"टाकून कुठं? खिडकीतून दिसता की. प्रत्येक फेरीला हात करा, म्हणजे मला कळेल मधेच बाकावर बसला नाहीत ते."

मग मास्तर जायचे. खिडकीखाली आले की हात वर करायचे. चिंध्यांच्या पडद्याआडून एक हात हलायचा. कधी कधी तो हलायला उशीर व्हायचा, तेवढा वेळ मास्तर बुटाची नाडी बांधत थांबायचे. बूट बिननाडीचे होते.

बाईंचा झोपायचा झगा अंगावर लोंबायला लागला, तेव्हा मास्तरांनी ठरवलं की हे तिला कळता कामा नये. दुपारी धुतलेला झगा वाळला आणि बाईंचा डोळा लागला की ते खाली दुकानात जाऊन तो बाजूंनी आत घ्यायचे, खांदे उतरवायचे, इस्त्री करून पुन्हा दोरीवर टाकायचे. संध्याकाळी म्हणायचे, "बघ, होता तसाच बसतोय. वजन थांबलंय."

बाई शिवणीवरून बोट फिरवायच्या. "हो की," म्हणायच्या. आयुष्यभर शिवणी चाचपलेली ती बोटं. मास्तरांना ते ठाऊक होतं. तरी त्या "हो की"वर ते रात्री झोपायचे.

सेवेला धाकटी येऊन राहिली. एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, "अहो, तुमचं बटण लागलेलं एकदा बघायचंय मला. पैज अर्धीच राहिली."

"लागेल की. थोडंच राहिलंय."

"थोडं म्हणजे?"

"एक बोट," मास्तर म्हणाले. होतं चांगलं वीतभर.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं दार ओढून घेऊन त्यांनी बटण उसवलं. या वेळी मुळीच घाई केली नाही. पार कडेला नेऊन लावलं आणि जन्मात पहिल्यांदा दोऱ्याची फुली मारली, अगदी तिच्यासारखी. कोटाच्या आत श्वास धरून वर गेले.

"लागलं की हो," बाई म्हणाल्या.

"लागलं."

"जवळ या."

त्यांनी बटणावरून अंगठा फिरवला. फिरवून तिथेच ठेवला. मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. वरून आजींच्या सतरंजीची धूळ पडत होती.

"छान," बाई म्हणाल्या. "आता माझे पाय चेपा."

"जिंकलो मी आणि पाय तुझे?"

"मी आधी जिंकले होते. माझं व्याज राहिलंय."

मास्तर पलंगाच्या कडेला बसले. पाय हातात घेतले तेव्हा कुठे दाबावं ते त्यांना कळेना, म्हणून नुसतेच धरून बसले.

पुढच्या आठवड्यात, सकाळी दूध तापायच्या आत, बाई गेल्या.

माणसं जमली. धाकटीनं मास्तरांचा निळा कोट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. मास्तरांनी तो घातला आणि सवयीनं श्वास धरून बटण ओढलं. ते काजापर्यंत येईना. पुन्हा ओढलं. मग खाली बघितलं. कडेला त्यांनीच पाडलेली सुईची भोकं तशीच होती, रिकामी. बटण आपल्या जुन्या जागी बसलं होतं. त्यावरची फुली वाकडीतिकडी होती, एक धागा तर बटणाच्या बाहेरूनच गेला होता. एवढं वाईट बटण मास्तरीणबाईंनी कधी लावलं नव्हतं.

"धाकटे, हे कधी?"

"मागच्याच आठवड्यात. तुम्ही दुकानात होता. दोरा मी ओवून दिला, तेवढाच. बाकी हात लावू दिला नाही. सारखी सुई टोचून घेत होती." धाकटीनं डोळे पुसले. "म्हणाली, कपाटातच ठेव, त्यांना घालतील तेव्हाच कळू दे."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, माझा झगा मी चालवून घेतला, हे नाही चालवून घेणार."

मास्तर त्या दिवशी कोट उघडाच टाकून चालले. थंडी पोटाला लागत होती.

धाकटी गावी निघाली तेव्हा बाईंचा कोट तिनं मागितला, हक्कानं. मास्तरांनी तो दुकानात नेला आणि एकेक टीप उसवली. जेवढ्यांदा आत घेतला होता तेवढ्यांदा तो बाहेर आला, आणि शेवटी लग्नाच्या वेळी शिवणीत ठेवलेली मायाही मोकळी झाली. आतलं कापड उन्हाला लागलेलं नव्हतं, नव्यासारखं गडद निळं होतं. दोन्ही बाजूंनी त्याचा पट्टा दिसायला लागला. धाकटीला कोट बरोबर झाला. आरशासमोर ती वळली तेव्हा मास्तरांनी सवयीनं पाठ बघितली. चुणी नव्हती.

तेलाच्या बाटलीला त्यांनी पुन्हा टोचलेलं झाकण लावलं. साखरेचा डबा टपावर गेला. संध्याकाळी दुकान बंद करून ते इमारतीभोवती फिरायला निघाले, कोट घालून, बटण न लावता. खिडकीखाली आले आणि हात वर गेला. पडदा हलला नाही. हात खाली कसा आणायचा ते त्यांना सुचेना.

वर आजी सतरंजी झटकत होत्या. त्यांना वाटलं, मास्तर आपल्यालाच हात करतायत. त्यांनी सतरंजी कठड्यावर टाकली आणि दोन्ही हात हलवले.

मास्तरांनी डोक्यावरची धूळ झटकली आणि पुढची फेरी घेतली.