रंगाखालचे ढेकूण

घाटनांदूरच्या रस्त्याला आमची पावडर कोटिंगची शेड आहे. नवरा बंदुकीने लोखंडावर रंगाची पावडर मारतो आणि ती भट्टीत भाजतो, जुना थर काढायचं काम माझ्याकडे. टाकीत रिमूव्हर असतो. त्यात लोखंड बुडवलं की अर्ध्या तासात रंग फुगतो, सुरकुततो आणि पोळलेल्या कातडीसारखा सुटून येतो. मग खरवडायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, धुवायचं. तो वास घशात बसतो. रात्री भाकरीलाही तोच लागतो. तरी गुटख्याने माखलेली गेटं आणि कोंबड्यांचे पिंजरे मी नाक न मुरडता धुतले होते.

दिवाळीनंतर एका वसतिगृहाचे पलंग आले. आईबाप ऊसतोडीला गेले की त्यांच्या मुली तिथे राहतात. टेम्पोसोबत तिथली स्वयंपाकाची मावशी आली होती. पलंगांचा निळा रंग जागोजागी फुगला होता, पोपडे निघत होते.

मी पहिल्या पलंगाची डोक्याकडची बाजू टाकीत सोडली. पाइपाच्या टोकांची प्लास्टिकची बुचं कधीच गळून पडली होती. आत रिमूव्हर शिरला आणि त्या भोकांतून ढेकूण बाहेर पडू लागले. एक-दोन नाही, पसाभर. रक्त पिऊन टम्म झालेले, बारके पांढुरके, अंड्यांची साल, सगळं एकमेकांना चिकटून वर तरंगलं. चिरडलेल्या ढेकणांचा तो कुबट वास रिमूव्हरच्या वासात मिसळला. मी तोंडाला पदर लावून शेडमागे पळाले आणि ओकले.

मावशी पाणी घेऊन आली. "म्हणून तर पोरी पलंगावर झोपत न्हाईत, बाई. खाली सतरंजीवर निजत्यात. अंगावर निस्त्या गांधी उठल्यात. वसतिगृहाचे सर म्हणतेत, तुमीच उसाच्या फडावरल्या कोपीतून ढेकूण आणले. घरून आलेली गोधडी दारातच उन्हात टाकायला लावतेत, सगळ्यांसमोर."

चूळ भरून मी पुन्हा टाकीपाशी आले. रंग सुटला होता. खरवडायच्या पट्टीने एक लांब तुकडा सोलला आणि उलटा केला. त्याच्या आतल्या बाजूला काळे, चपटे ठिपके होते. पट्टीच्या टोकाने एक उचकटला. पाय दिसले. ढेकूणच होता, भाजून कोळसा झालेला. शेजारी एक लांब केसही रंगात गाडला गेला होता.

म्हणजे ढेकणांवरच कुणीतरी पावडर मारली होती. कुणी मारली, हे कळायला मला वेळ लागला नाही. पलंगाच्या आडव्या पट्टीवर आमच्या खुणेचे तीन टोचे होते, शेडमधून जाणाऱ्या प्रत्येक मालावर आम्ही ठोकतो ते.

पाच वर्षांपूर्वी हेच पलंग आमच्याकडे आले होते. वसतिगृह सुरू व्हायचं होतं आणि सरांनी बंद पडलेल्या लॉजचं जुनं सामान घेतलं होतं. त्या आठवड्यात माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. मला हळदीला जायची घाई. टाकीत न बुडवता मी ते ओल्या फडक्याने वरवर पुसून दिले होते. नवऱ्याने विचारलं होतं, "धुतले ना?" मी म्हटलं होतं, "धुतले की."

आता त्याला बोलावून तो तुकडा दाखवला आणि खरं सांगितलं. त्याने तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"भट्टीत सगळं मेलंच असंल. जिते हायेत ते मागून आले. आपला काय संबंध?"

"गाद्या बी लॉजच्याच हायेत की," मावशी म्हणाली. "त्या कुठं भट्टीत घातल्या?"

मला माझ्या हातांचीच किळस आली, हातमोज्यांतल्या त्या घामट हातांची.

आम्ही एकूण एक पलंग सोलला. पाइपात उकळतं पाणी ओतलं, रंगाआधी एकदा नुसतेच भट्टीत तापवले, मग रंग आणि नवी बुचं. चार दिवस नवरा माझ्याशी बोलला नाही. ते सोललेले तुकडे मी एका पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि पलंग पोचवायला स्वतः गेले. तो आदल्या रात्री म्हणाला होता, "दाखवू नको. काम जाईल." तरी गेले.

सरांच्या टेबलावर डबा उघडला. "सर, हे रंगाखाली निघाले. पहिला रंग आमीच दिला होता, आन् मी पलंग धुतले न्हवते. तेव्हा तुमच्याकडं एक बी पोरगी न्हवती. ढेकूण लॉजवरून आलेत."

सर खुर्चीसकट मागे सरकले. "हे काय आणलंत! उचला आधी."

"उचलते. पण पोरींना सांगा."

"बघू," म्हणाले आणि रुमालाने टेबल पुसू लागले.

त्यांनी काही सांगितलं नाही. मावशीने सांगितलं, त्याच दुपारी जेवणाच्या पंगतीत, मी दारात उभी असताना, मोठ्याने. एक थोराड मुलगी उठून माझ्याकडे आली. डब्यात पाहून म्हणाली, "मग सर आमाला का म्हून बोलत हुते?" तिने डबा घेतला आणि पंगतीभर फिरवून सगळ्यांना दाखवला. कुणाला ओकारी आली, कुणी हसलं. त्याच संध्याकाळी मुलींनी गाद्या ओढून मैदानात नेल्या आणि सरांना न विचारता पेटवल्या.

वसतिगृहाचं काम आमच्याकडे पुन्हा आलं नाही. मला जवसाची चटणी फार आवडायची. आता ताटात जवसाचे ते चपटे, तपकिरी दाणे दिसले की मी ताट बाजूला सारते.