दुग्गलांच्या टॉमीने शिवलेले पान

भाद्रपद वद्य अष्टमी, दुपारचे दोन. दक्षिणा एकशे एक रुपये, गुरुजींना देऊन झालेली. गच्चीवर हजर आई, मी आणि वडिलांच्या नावाने वाढलेले पान. कावळा गैरहजर. पावसाळा सरताना नोएडात जे पांढरे, बोचरे ऊन पडते त्यात खिरीवर साय धरत होती आणि वेलदोड्याचा वास शेजारच्या अर्धवट इमारतीतल्या ओल्या सिमेंटच्या वासात विरून जात होता. दिल्लीत आर. के. पुरमला आम्ही आधी राहत होतो त्या सरकारी क्वार्टरसमोर कडुनिंब होते आणि त्यांवर कावळे. या नव्या सेक्टरात झाडे अजून विटांच्या कुंपणात कमरेएवढी उभी होती.

"तिथे पान ठेवायचा अवकाश," आई म्हणाली. इथले घर मी घेतलेले, त्यामुळे पुढचे वाक्य तिला बोलावे लागले नाही. पान शिवल्याखेरीज ती जेवणार नव्हती, आणि सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही गेले नव्हते.

कावळ्याऐवजी जिन्यातून टॉमी आला. हा खालच्या मजल्यावरच्या दुग्गलांचा कुत्रा. बाजार खुला झाल्यापासून परदेशी नळ विकून दुग्गलांनी दोन वर्षांत मोटार घेतली, आणि मोटारीपाठोपाठ हा पांढरा, फुगीर पॉमेरियन. त्याच्याविषयी माझ्याकडे एकही चांगला शब्द नाही. रोज सकाळी तो माझ्या स्कूटरचे मागचे चाक भिजवी; पुढचे नाही, आणि मालकाची मोटार तर कधीच नाही. पाण्याचा पंप सुरू झाला की त्याच्यावर भुंके, आणि पंप थांबला की तो आपणच थांबवला अशा ऐटीत घरी जाई. मी तक्रार केली तेव्हा दुग्गल म्हणाले, "भाईसाब, आपसे प्यार करता है. मेरी गाडी को तो सूंघता भी नहीं."

पाहुण्यांपुढे त्यांचा एक खेळ ठरलेला असे. टॉमीसमोर बिस्किट ठेवायचे आणि गप्पा मारीत बसायचे. लाळेचे तळे साचले तरी "खा ले, बेटा" ऐकल्यावाचून तो तोंड लावत नसे. पाहुणे टाळ्या वाजवीत. भुकेल्याला ताटकळत ठेवण्यात कसले कौतुक, हे मला कधी कळले नाही.

तोच आता पानासमोर, नेहमीच्या सवयीने स्वतःभोवती तीन प्रदक्षिणा घालून, ठाण मांडून बसला. मी चप्पल उचलली. आईने माझा हात धरला.

"मारू नकोस. कुणीतरी आलंय ना."

"आई, हा दुग्गलांचा. माझी स्कूटर खराब करणारा."

"तुझ्या बाबांना तरी तुझी स्कूटर कुठे आवडायची?"

तिने पदर सावरला आणि म्हणाली, "जेवा आता." शेवटच्या आजारात बाबा ताटासमोर नुसतेच बसून राहत, तेव्हा ती म्हणे अगदी त्याच स्वरात. टॉमी हलला नाही. शेपटी फरशीवर आपटत राहिली, लाळ गळत राहिली. तो वड्याकडे बघे, मग माझ्याकडे. आईने पुन्हा विनवले. मग तीही माझ्याकडे बघू लागली.

"असं का करतोय रे हा?"

का, ते मला ठाऊक होते. तिच्या ओठांना कोरड पडलेली दिसत होती. गच्चीचे दार लोटलेले असल्याची मी खात्री केली. वडिलांना मी आयुष्यात कधी अरेतुरे केले नव्हते. त्यांच्या पानासमोर वाकून, दुग्गलांच्या त्या लाडिक, असह्य सुरात मी म्हणालो, "खा ले, बेटा."

वडा, खीर, आमसुलाची चटणीसुद्धा. पान चाटूनपुसून लख्ख झाले. आईने डोळे मिटून हात जोडले, आणि खाली जाऊन दोनदा भात घेतला.

एकशे एक गुरुजींना, पान दुग्गलांच्या कुत्र्याला. दुसऱ्या सकाळी मागचे चाक ओलेच होते. तो शेजारी उभा राहून माझ्याकडे बघत होता, आणि वर गॅलरीतून आई त्याच्याकडे. मी बादलीभर पाणी आणले आणि चाक धुतले, त्याला काही न बोलता.