हरणाची गळालेली शिंगं

माझी चौथीनंतर शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही कोंबडीच्या पायांचं, त्याची माफी असावी. पण हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेले. जावई तिथे शिकत होते. त्यांनी मला कोट आणि बूट घेतले, चाळीस डॉलरचे. आमच्यात जावयाला द्यायचं, त्याच्याकडून घ्यायचं नाही. कोट घातला की अंगावर ओझं वाटे. बोलून दाखवायची हिंमत नव्हती.

घरामागच्या रानातून हरणं यायची. थंडीत करड्या रंगाची, दचकली की शेपटी वर करायची, खालून पांढरीशुभ्र! एक दिवस नर आला, कानाला चीर, डोक्यावर एकच शिंग! दुसऱ्याच्या जागी लालभडक जखम. मी तेल-हळदीची वाटी घेऊन अंगणात धावले. हरीण पळालं.

दारातून लेक ओरडली, "आई, तो काय आपला बैल आहे?"

शेजारचे म्हातारे गोरे काका कुंपणापाशी हसत होते. हरणाच्या शिंगांपासून चाकूच्या मुठी करायचे ते. लेकीने त्यांचं बोलणं मला सांगितलं. "नराची शिंगं दर वर्षी गळतात, नवी येतात. सापडली तर आण म्हणतात, एकाचे पाच डॉलर देईन."

सांबरशिंग आम्ही घरी औषधाला उगाळायचो, पण ते जनावर मारूनच मिळतं असं मला वाटायचं. बैलाचं शिंग तुटलं की तुटलंच. आणि हे म्हणे पुन्हा येतं! मी मनात हिशेब केला. आठ शिंगं.

बाळाची आंघोळ उरकली की मी रानात. हरणं बसतात त्या झाडांखाली, उडी मारतात त्या कुंपणाशी. पहिलं सापडलं तेव्हा बर्फातून नुसती टोकं दिसत होती. उपसलं तर हातभर लांब, बुडाशी खडबडीत कडं! मी एकटीच मोठ्याने हसले.

एप्रिलपर्यंत सहा झाली. मग मिळेनात. मिळालं तर उंदरांनी कुरतडलेलं. जूनमध्ये परतायचं होतं, मला झोप लागेना.

पण तेवढ्यात तेच पहिलं हरीण दिसलं, कानाच्या चिरेवरून ओळखलं. डोक्यावर दोन मऊ कोंब! मे संपेस्तोवर वीतभर झाले, फाटे फुटले, वर मखमलीसारखी लव. माश्या बसल्या की मान झटकायचं, फांदीला शिंग लागू द्यायचं नाही. अंगही तांबूस झालं. मी रोज लेकीला ओढून न्यायचे, "बघ, बघ, कालच्यापेक्षा वाढलं!"

त्याच्याच मागे ओढ्यापलीकडे गेले, तर गवतात दोन शिंगं, शेजारी शेजारी, अखंड!

काकांनी दहा डॉलर दिले. संध्याकाळी मी सगळ्या नोटा जावयांपुढे ठेवल्या.

"आई, हे काय? मला परका समजता?"

"तुम्ही घरचे म्हणूनच, जावईबापू. कोट मला आता हलका वाटू द्या."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "घ्या हो, नाहीतर ती कोट इथेच टाकून जाईल."

त्यांनी चाळीसच्या चाळीस डॉलर मोजून खिशात ठेवले.