मुद्दाम मिसळलेला नग

गजानन सबनीसला देवाचं फारसं पडलेलं नव्हतं आणि भुताखेतांची भीतीही नव्हती. त्याला फक्त बघायचं असे. पिपलानीत कारखान्याचं क्वार्टर मिळाल्यापासून आठ वर्षांत त्यानं काय काय बघून सोडलं होतं! तुलसी नगरातल्या एका वकिलांकडे भरणाऱ्या ध्यानमंडळात तो वर्षभर डोळे मिटून बसला. मिसरोदच्या एका बाबांकडून लोलक फिरवायला शिकला आणि बायकोच्या डोकेदुखीवर तो फिरवून डोकेदुखी वाढवली. पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली ठेवलेलं दूध नासलं, तेव्हा वहीत शांतपणे 'रिजेक्ट' असं लिहिलं. कारखान्यात तो इन्स्पेक्शनला होता. परलोकही त्याच्या हातून मापाशिवाय सुटणार नव्हता. त्याची बायको शकुंतला म्हणायची, दारू-पत्त्यांपेक्षा हे बरं, यानं कुणाचं नुकसान तर होत नाही. तिथं तिचं चुकलं.

शेजारच्या क्वार्टरमधला दत्तू फिटर काविळीनं तीन आठवड्यांत गेला. मागे राहिली उषा, पस्तिशीची, पदरी मूल नाही. क्वार्टर सहा महिन्यांत सोडायचं होतं. उज्जैनच्या तिच्या भावानं खटपट करून एका शाळेत शिवणबाईंची जागा मिळवली होती. आठवडाभरात होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसरीला. उषाचा पाय निघत नव्हता. दत्तू ज्या घरात होता ते घर सोडलं की तो कुठे शोधायचा, असं तिला वाटे. गजाननच्या उद्योगांचं तिला ठाऊक होतंच. एके दिवशी तिनं विचारलं, यांना बोलावता येईल का. त्याला नाही म्हणता आलं असतं. पण त्याच्या वहीत प्लँचेटचं पान अजून कोरं होतं.

रविवारी दुपारी पडदे ओढून शकुंतला धरून तिघं बसली. स्टुलावर कागद, कागदावर एका बाजूला 'हो', दुसऱ्या बाजूला 'नाही', मध्ये पालथी वाटी आणि वाटीवर तिघांची बोटं. वाटी हलायची. दत्तूचं नाव विचारलं, हो. काविळीचं विचारलं, हो. गजाननला शंका आली की उषाचंच बोट नकळत ढकलतंय.

आता कारखान्यात एक रीत होती. नवा इन्स्पेक्टर नीट तपासतो की नाही हे बघायला फोरमन चांगल्या नगांत मापात न बसणारा एक खोटा नग गुपचूप मिसळून ठेवी. पकडला तर माणूस कामाचा. गजाननला वाटलं, इथंही तेच करावं. पुढचा प्रश्न तो विचारणार होता दत्तूच्या गावाचा, मिरजेचा. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तो वाटी 'नाही'कडे ढकलणार होता. वाटीत खरंच कुणी असेल तर अडवेल. त्यानं बोट घट्ट केलं, आणि त्याचं तोंड उघडायच्या आत उषानं विचारलं, "मी उज्जैनला जाऊ का?"

थांबायला हवं होतं. पण एकदा ठरवलेली चाचणी मध्येच बदलायची नाही, हे वीस वर्षं अंगात मुरलेलं. त्यानं ढकलली. वाटी 'नाही'वर जाऊन थांबली. कुणी अडवलं नाही.

तेव्हाच सांगितलं असतं तरी निभावलं असतं. पण एका मापावर शेरा मारायचा नाही, तीन मापं घ्यायची, म्हणून या शहाण्यानं तोंड बंद ठेवलं. पुढच्या रविवारी बसू आणि मग सगळं एकदम सांगू, असं त्यानं ठरवलं. त्या रविवारी उषा हसतमुखानं आली. भावाला नकार कळवला होता, जागा दुसऱ्या बाईंना गेली होती. इंद्रपुरीत एक खोली बघितली होती, कारखाना जवळ, घरी शिवणकाम करायचं.

गजानननं वाटी बाजूला सारली. त्यानं सगळं सांगितलं, फोरमनची रीत, मिरजेचा प्रश्न, स्वतःचं बोट. उषानं शांतपणे ऐकून घेतलं.

"हात तुमचाच असणार, भावजी," ती म्हणाली. "त्यांना आता हात कुठं आहेत? आणि मी नेमकं तेव्हाच विचारावं, हे कुणी सुचवलं?"

त्यानं परत समजावलं. आवाज चढवला, शेवटी हात जोडले. तिनं वाटी पुढे ओढली आणि बसा म्हणाली. तो बसला, बोट अगदी अलगद ठेवून. आज हलली नाही तर तिची खात्री पटेल, असं त्याला वाटलं.

"इथंच आहात ना?" उषानं विचारलं.

वाटी हलली नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मग तिचा चेहरा असा उतरला की काविळीच्या शेवटच्या दिवशीही तो तसा दिसला नव्हता. "थांब म्हणालात," ती वाटीला म्हणाली, "थांबले. आता बोलत का नाही?"

गजानननं खाली बघितलं आणि वाटी 'हो'कडे ढकलली.

दत्तू गेल्यापासून उषावहिनी पहिल्यांदा पोटभर जेवल्या, असं शकुंतलेनं संध्याकाळी सांगितलं. पुढच्या रविवारीही त्यांना वाटीवर बसायला बोलावलंय, म्हणाली.