रानमांजर आणि स्टीलची थाळी

आमच्या जखमी-अनाथ प्राण्यांच्या सेंटरवर किस्से निघतात ते पिंजरे धुताना. पाइपाचं पाणी सुरू झालं की कुणीतरी म्हणतं, "ती असती तर आत्ता कुठं बसली असती?" 'ती' म्हणजे कोण, हे विचारावं लागत नाही. घारी आल्या, अजगर आले, माकडं आली. प्रत्येकानं एखादा किस्सा ठेवला. तिनं पोतंभर ठेवले!

मी आठवीनंतर शाळा सोडली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझं लक्ष चपलांकडे जातं. पण तिच्याबद्दल मी बोलतो. चुकलो तर सुलभामावशी दुरुस्त करते. प्राण्यांचं खाणं तिच्याकडे असतं.

*

तिला आणलं कशेळ्याकडच्या बाळूकाकांनी. भात कापून झालं होतं. पेंढा उचलताना खाली एक पिल्लू सापडलं. आई परत आली नाही. काकांना वाटलं, घरातल्या मांजरीचंच असेल. त्यांनी ते टोपलीत घातलं, वर फडकं बांधलं आणि आधी घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन जीपनं आमच्याकडे आले, तेव्हा बोटाला चिंधी गुंडाळलेली.

"काय झालं काका?"

"दूध पाजत हुतो. दूध सोडलं आन् बोट धरलं! तवाच वळखलं, ही घरातली नाय. ही रानातली, सरकारी हाय!"

*

रानात परत सोडायच्या प्राण्यासाठी सेंटरच्या डॉक्टरांचे नियम कडक. नाव ठेवायचं नाही, बोलायचं नाही, हात दाखवायचा नाही. खाणंसुद्धा भिंतीतल्या पाइपातून सरकवायचं, म्हणजे माणूस दिसत नाही. तिच्या पिंजऱ्यावर फक्त 'रानमांजर, मादी' अशी पाटी.

एकदा वजन करायला तिला पेटीत घेतलं. पेटीचं दार नीट लागलं नाही आणि ती सुसाट बाहेर! मावशी ओरडली, "ठकू, थांब!" वॉचमन ओरडला, "राणी! राणी!" आणि पाठोपाठ डॉक्टरांचा आवाज, "चिंगे, इकडे ये!"

ती वजनकाट्यावर चढून बसली. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत उभे.

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "वजन लिहा."

*

ती मोठी झाली तशी डॉक्टरांना काळजी लागली. माणसाची भीती नसलेलं रानमांजर गावात शिरतं, कोंबड्यांच्या खुराड्यात सापडतं आणि काठीनं मरतं. म्हणून तिला माणसाची भीती घालायचं ठरलं. रोज संध्याकाळी एकानं हेल्मेट आणि रेनकोट घालून पिंजऱ्यासमोर स्टीलची थाळी बडवायची.

"दिनेश करेल," डॉक्टर म्हणाले. "तो तसाही कुणाशी बोलत नाही."

मी थाळीवर चमचा टेकवायचो. ती कान हलवून माझ्याकडे बघायची.

"दिन्या, आरती चाललीय का रं? मोठ्यानं वाजव!" मागून मावशी.

"मोठ्याने!" ऑफिसातून डॉक्टर.

हेल्मेटच्या आत मला घाम फुटायचा. थाळी बडवून झाली की मी निघून जायचो आणि मावशी पाइपातून खाणं सरकवायची. पावसाळा अर्धा सरेपर्यंत हे असंच चाललं. आम्हाला वाटलं, छान चाललंय!

*

मग वनखात्याचे साहेब तपासायला आले. ते म्हणाले, "मांजर माणसाला बिचकली पाहिजे. तरच सोडायची परवानगी."

डॉक्टरांनी मला खूण केली. त्या दिवशी मी मनापासून थाळी बडवली. हात बधिर झाला.

ती पिंजऱ्यातल्या झुडपातून बाहेर आली. आळस दिला. पाइपासमोर जाऊन बसली आणि पंजा चाटायला लागली.

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. शेवटी साहेब म्हणाले, "डॉक्टर, ही घाबरली नाही. ही जेवायला बसली!"

तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. थाळी, मग खाणं. थाळी, मग खाणं. भीती राहिली बाजूला, आम्ही तिला जेवणाची घंटा शिकवली होती!

साहेब हसले नाहीत. "दिवाळीनंतर परत बघतो. तेव्हाही असंच झालं तर हिला कायमची पिंजऱ्यात ठेवावी लागेल."

*

त्यानंतर गणपती आले. शेजारच्या वाडीत झांजा सुरू झाल्या की ती उठून पाइपासमोर जाऊन बसायची. आरती संपेपर्यंत हलायची नाही.

मला झोप लागेना. आमच्या रायगड जिल्ह्यात थाळी कुठं वाजत नाही? लग्नात वाजते, बारशाला वाजते. पोरं उगीचसुद्धा वाजवतात. बाहेर सोडली तर ती प्रत्येक दारात जेवायला जाणार!

डॉक्टरांनी उपाय काढला. थाळी वाजली की खाणं नाही, पाण्याचा फवारा. खाणं दिवसातून भलत्याच वेळी, गुपचूप.

पहिल्या दिवशी थाळी वाजवली. ती आली, बसली, वर बघितलं. माझ्या हातात पाण्याचा पाइप होता. मी पाणी सोडलं ते माझ्याच बुटांवर.

"मावशी, तू सोड ना," मी म्हणालो.

"मी नाय बाबा." ती तोंड फिरवून उभी राहिली. मग तशीच म्हणाली, "दिन्या, तिला भाईर जगायचं हाय. सोड पानी."

मी सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीनं सुकटीची चटणी आणली होती. ती कुणीच खाल्ली नाही.

*

दिवाळीनंतर साहेब आले. मी थाळी उचलली मात्र, ती मागच्या कोपऱ्यात! अंग फुगवलेलं, कान मागे, माझ्याकडे बघून असं फिस्कारली की साहेबच दोन पावलं मागे सरले.

"हां, आता ही रानाची," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास! तुझा तिला मनापासून राग आलाय!"

मी हेल्मेट काढलं नाही.

*

सोडायला डोंगराच्या कुशीतल्या ओढ्याजवळ गेलो. पेटीचं दार उघडलं. ती क्षणभर थांबली आणि गवतात शिरली. गवत हलायचं थांबलं.

"मागं वळून तरी बघायचं गं," मावशी म्हणाली.

"बघितलं नाही तेच चांगलं," डॉक्टर म्हणाले. गाडीत बसेपर्यंत तेच चारदा मागे वळून बघत होते.

*

काही आठवड्यांनी ओढ्यावर आम्ही लावलेल्या कॅमेऱ्यात तिचा फोटो आला. अंगानं भरलेली, तोंडात उंदीर. आनंद झाला आणि लगेच डॉक्टरांनी नकाशा काढला. तिथून खाली वाडी होती आणि वाडीत लग्न ठरलं होतं.

"थाळी घे," डॉक्टर म्हणाले. "एकदा खात्री करू. आली, तर परत पकडून आणावी लागेल."

उन्हं उतरताना आम्ही तिघं ओढ्याकाठी करवंदीच्या जाळीआड बसलो. मी थाळी वाजवली. या वेळी 'मोठ्यानं' असं कुणाला सांगावं लागलं नाही. आवाज समोरच्या डोंगराला लागून परत आला.

आम्ही गवताकडे बघत राहिलो. मावशीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

कुणी आलं नाही.

"पास!" डॉक्टर म्हणाले. मोठा श्वास सोडून उठले, पँट झटकली. "पास झाली! चला."

मावशीही उठली. मी बसूनच राहिलो.

"डॉक्टर," मी म्हणालो, "अजून एकदा वाजवू?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग मावशीकडे. मग गवताकडे. आणि परत खाली बसले.

"वाजव," ते म्हणाले. "पण हळू."