वडाच्या चिकाला विरजण

मामा चालता टांगा थांबवून खाली उतरत, रस्त्याकडेच्या झाडाचं पान खुडत आणि देठातून आलेला चीक दोन बोटांत ताणून बघत. ताणता ताणता तो तुटला की म्हणत, "हे बी न्हाई." मग पुन्हा टांग्यावर.

लढाईच्या त्या वर्षांत तुम्ही जालन्याच्या स्टेशनावर उतरला असाल, तर त्यांच्याच टांग्यात बसला असाल. मूळचे शहागडकडचे धनगर, शेळ्या विकून टांगा घेतलेला. जुन्या जालन्यात त्यांच्या घरासमोर माझी खोली होती. मी पत्रकं लिहीत असे. ती छापायला सरकारी परवानगीची वाट पाहत बसण्याचा माझा स्वभाव नव्हता. मामा मला 'पत्रकवाले' म्हणत.

त्यांची लेक गिरजा लहानपणी तापात एका पायानं अधू झाली होती. कुबडीवर शाळेत जाई. कुबडीच्या टोकाचं रबर झिजून गेलं आणि ती शाळेच्या गुळगुळीत फरशीवर दोनदा पडली. मोठ्या बाईंनी बजावलं, "दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत रबर बसवा, नाहीतर नाव कमी करीन."

रबर आणणार कुठून? लढाई चालू होती, जिथून रबर यायचं तो मलाया जपान्यांच्या हाती गेला होता. सायकलवाला म्हणाला, "मामा, सोनं मागा, रबर मागू नका." मामांच्या टांग्याला तर लोखंडी धाव. लष्कराच्या गाड्या रबरावर पळत होत्या, आणि आमच्या पोरीच्या कुबडीला अंगठ्याएवढा तुकडा मिळत नव्हता. मी संतापून म्हणालो, "यावर पत्रक काढतो."

"काढा की. पर ते काठीला कसं बसवायचं, ते बी लिव्हा."

तेवढ्यात त्यांना एक उतारू भेटला, त्रावणकोरात रबराच्या मळ्यावर कारकुनी करून आलेला. त्यानं सांगितलं, तिथं पहाटे खोडाला तिरपी चीर देतात, करवंटीत दूध धरतात, त्यात आंबट घालून ते गोठवतात. मामा एवढंच म्हणाले, "म्हंजी विरजण. ते तर आमच्या घरचंच काम."

मग त्यांना जिकडंतिकडं रबर दिसू लागलं. डॉक्टरांची नळी, पोरांचा चेंडू. माझं खोडरबर त्यांनी कितीदा तरी दाबून पाहिलं. "हे बी झाडाचंच? आन् आपली झाडं काय वांझ हायती?"

बाभूळ झाली, रुई झाली, शेवटी नदीकाठच्या वडाचा चीक त्यांनी करवंटीत धरून आणला, लोटीत ओतला, आंबट ताक घातलं आणि लोटी चुलीजवळ झाकून ठेवली. सकाळी अख्खी गल्ली बघायला जमली. लोटीत करडा, घाण वासाचा लगदा होता आणि मामांची तीन बोटं त्यात चिकटलेली.

"अवो, माझी लोटी गेली की," मामी म्हणाल्या.

"पाखरं धराया बराबर हाय," शेजारी म्हणाला.

गिरजा म्हणाली, "आबा, हेच लावा. कुबडी एका जागी चिकटंन, मंग मी कशाला पडते?"

सगळे हसले. मामाही हसले. मग बोटं राखेनं घासून उठले आणि टांग्याकडं गेले.

टांग्याला पितळी भोंगा होता. त्याचा काळा रबरी गोळा दाबला की नदीवरचा पूल ओलांडायच्या आधीच साऱ्यांना कळे, मामा आले. तो गोळा त्यांनी काढला. त्याचं जाड तोंड कुबडीच्या टोकावर चढवलं, उरलेल्याचे तुकडे आत ठासले, वरून तार आवळली.

मी म्हणालो, "मामा, आता रस्त्यात लोक बाजूला कसे व्हायचे?"

"तोंड हाय की मला."

शाळा उघडली तेव्हा मोठ्या बाईंनी कुबडी स्वतः फरशीवर दाबून, घासून पाहिली. ती सरकली नाही. "जा वर्गात," त्या म्हणाल्या. मामा टांग्यावरून उतरलेच नव्हते. घोड्याशी उगाच काहीतरी पुटपुटत बसले होते.

गेल्या उन्हाळ्यात मामा वारले. टांगा शहागडला त्यांच्या भावानं नेला. मामी आणि गिरजा इथंच राहिल्या; गिरजा आता सातवीत आहे.

परवा शाळेवरून जात होतो. फरशी नुकतीच धुतली होती आणि पहिलीतली एक पोर दारातच बिचकून उभी होती. गिरजानं तिच्यापुढं हात केला.

"धर मला. मी न्हाई पडत."